विमान घिरट्या घालतं तेव्हा

चाक अडकलेल्या विमानाची बातमी आली की वाहिन्यांवर एकच ओळ फिरू लागते: दोन तासांपासून विमान हवेतच, प्रवाशांचा जीव टांगणीला. ऐकणाऱ्याला वाटतं, वर सगळे हात टेकून बसलेत. मला या ओळीचा मनापासून राग येतो.

त्या दोन तासांत कॉकपिटमध्ये केवढं काम चाललेलं असतं! चाकं हलवणारा हायड्रॉलिक (तेलाचा) दाब गेला असेल तर चाकांचं लॉक दुसऱ्या मार्गाने सोडायचं, की चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. तरीही चाकं लॉक झाल्याची खूण असलेले तीन हिरवे दिवे लागले नाहीत, तर टॉवरजवळून कमी उंचीवर उडत जायचं आणि चाकं दिसतात का ते खालच्यांना बघायला सांगायचं. शिवाय इंधन जाळायचं. एअरबस ए३२० ला तर ते हवेत सोडून देण्याची सोयच नाही. विमान हलकं झालं की कमी वेगात टेकतं, आगीची भीतीही कमी होते. २१ सप्टेंबर २००५ ला जेटब्लू या अमेरिकन कंपनीच्या अशाच ए३२० विमानाचं पुढचं चाक ९० अंशात आडवं वळलं होतं. सुमारे तीन तासांनी ते लॉस एंजेलिसला उतरलं. टायर फाटले, ठिणग्या उडाल्या, पण १४६ जणांपैकी कोणाला खरचटलंही नाही. आपल्याच विमानाच्या थेट बातम्या ते प्रवासी समोरच्या सीटवरच्या टीव्हीवर बघत होते. काय वाटलं असेल त्यांना!

याच घिरट्यांनी माणसं मेलीही आहेत, हेही सांगायला हवं. डिसेंबर १९७२ मध्ये मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागेना. सगळे त्या दिव्यात गुंतले आणि ऑटोपायलटने उंची सोडलेली कळलीच नाही. १०१ माणसं गेली. बल्ब जळाला होता, बस. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान चाकाची काळजी करत तासभर फिरलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. सहकाऱ्यांना इंधनाची जाणीव होती, पण कॅप्टनला ठणकावून कोणी सांगितलं नाही. दोन्ही विमानांची चाकं खरं तर खाली येऊन लॉक झालेली होती! त्यानंतर वैमानिकांना एकमेकांशी बोलायचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आज अशी विमानं सुखरूप उतरतात त्यात याचा फार मोठा वाटा आहे, असं मी ठामपणे मानतो. त्याला 'चमत्कार' म्हटलं की ही सगळी मेहनत पुसली जाते.

१ नोव्हेंबर २०११ ला वॉर्सात कॅप्टन तादेउश व्रोना यांनी २३१ जणांना घेऊन बोइंग ७६७ पोटावर उतरवलं. सगळे वाचले. नंतर विमान उचललं, उडालेला एक सर्किट ब्रेकर (वीज तोडणारं बटण) पुन्हा दाबला आणि चाकं खाली आली. व्रोनांचं कौशल्य वादातीत आहे. पण वर फिरताना ते एवढंसं बटण कोणाच्याच नजरेला पडलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.