टाकी पूर्ण मापाची आहे, काठीचा हिशेब तेवढा चुकलाय

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की आमच्याकडून, कुपवाड एमआयडीसीतून, द्राक्षाच्या रसासाठी ४,१८९ लिटरची चेंडूसारखी गोल स्टीलची टाकी घेतली, मीटर लावून १,००० लिटर पाणी सोडलं आणि काठी ६१ सेंमी भिजली. २०० सेंमी उंचीत ६१ ला हजार, म्हणजे टाकी सव्वातीन हजारांचीच, नऊशे लिटरचे पैसे जास्त घेतले, असं तुमचं म्हणणं.

उभ्या, सरळ भिंतीच्या टाकीला हे त्रैराशिक चाललं असतं. गोल टाकीचा तळ कढईसारखा. तुमच्या टाकीत तळाच्या पहिल्या १० सेंमीत जेमतेम ३० लिटर मावतात. मधल्या वेल्डिंगच्या जोडापाशी तेवढ्याच १० सेंमीत ३१४.

हिशेब असा करा. पातळी मीटरमध्ये घ्या आणि तिचा वर्ग करा. त्रिज्येच्या तिपटीतून (आतला व्यास २ मीटर, त्रिज्या १, म्हणून ३) पातळी वजा करा. दोन्हींचा गुणाकार करून १,०४७.२ ने गुणा, लिटर मिळतात. हा आकडा म्हणजे ३.१४१६ भागिले ३, गुणिले हजार. पातळी २ टाकून बघा, ४,१८९ येतात. ०.६३५ टाकली तर ०.४०३ गुणिले २.३६५ गुणिले १,०४७.२, म्हणजे ९९९ लिटर.

म्हणजे हजार लिटरला काठी साडेत्रेसष्ट भिजायला हवी होती. तुमची ६१ का भिजली? फोटोत काठी मॅनहोलच्या (टाकीच्या वरच्या तोंडाच्या) कडेला टेकवून सोडलेली दिसते. १८ इंची मॅनहोलची कड मध्यापासून साडेबावीस सेंमीवर येते, आणि तिथून सरळ खाली सोडलेली काठी खऱ्या तळाच्या अडीच सेंमी वरच, उतारावर टेकते. ६३.५ वजा २.५, झाले ६१. तुमचं मोजमाप उलट टाकी बरोबर असल्याचंच सांगतंय.

तरी शंका असेल तर आणखी हजार लिटर सोडा आणि काठी बरोबर मध्यातून घाला. दोन हजारांना ९७ सेंमी, तीन हजारांना १३० च्या जरा आत पातळी यायला हवी. पहिल्या हजाराला साडेत्रेसष्ट सेंमी लागले, दुसऱ्याला साडेतेहतीसच लागतील. बाहेरून टेप गुंडाळून व्यास काढणार असाल तर जोडावर ६ मीटर ३१ सेंमी भरेल. त्यातून निघालेल्या व्यासातून पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंची, ४ अधिक ४ मिमी, वजा करा. नाही केली तर ५० लिटर फुकट वाढतात. (या चुकीने टाकी मोठी दिसते, म्हणून तक्रार घेऊन कुणी येत नाही!)

आता आमची चूक. टाकीसोबत सेंमी-लिटरचा चार्ट द्यायला हवा होता, तो दिला नाही. बिलावर फक्त काठोकाठची क्षमता लिहिली. द्राक्षाच्या रसाला फेस येतो, त्यामुळे ९० टक्के, म्हणजे ३,७७० लिटरच धरा. पातळी १६० सेंमीच्या वर नेऊ नका. हे डिलिव्हरीच्या वेळीच सांगायला हवं होतं, त्याबद्दल माफी मागतो.

अजून एक. रस काट्यावर किलोत मोजून घेत असाल तर किलो म्हणजे लिटर धरू नका. २० ब्रिक्सचा (म्हणजे वजनात साधारण २० टक्के साखर असलेला) रस लिटरला साधारण १.०८ किलो भरतो, त्यामुळे १,००० किलो रसाचे टाकीत ९२५ लिटरच्या आसपास दिसतील. तेव्हा पुन्हा टाकीवर राग काढू नका.

चार्ट लॅमिनेट करून ठेवलाय. मॅनहोलच्या झाकणाला मध्यावर गाईड पाइपही मारून देतो, म्हणजे काठी कडेला सरकणार नाही. दोन्हीचे पैसे नाहीत. झाकण आणाल तेव्हा काठीही घेऊन या, तिच्यावर थेट लिटरच्याच खुणा कोरून देऊ.