सूर्योदयाचा कट

कोल्हापुरात सूर्य बघायचा तो रंकाळ्यावर, तोही मावळताना, हातात भेळेचा कागद धरून. उगवता सूर्य बघणारे म्हणजे तालमीतले पैलवान, धारा काढणारे गवळी आणि आमची आई. या तिघांत मी कुठंच बसत नाही. तरी गेल्या आखाडात एका रविवारी सूर्योदय करायचं काम माझ्या गळ्यात आलं. वेळ रात्री साडेआठची, जागा स्वयंपाकघर.

मेहुणा कॅलिफोर्नियाहून आला होता. आखाडात आमच्याकडं मटणाचा बेत असतो. खाली तांबडा-पांढरा रस्सा उकळत असतो आणि वर गच्चीत पुरुषमंडळी 'जरा हवा खात' बसतात. यंदा मेहुण्यानं विमानतळावरनं एक चौकोनी बाटली आणली आणि म्हणाला, "दाजी, ते सोडा-पाणी बास झालं. यंदा टकीला सनराइज नावाचं कॉकटेल करायचं. तुम्ही करायचं." बायकोचा एकुलता भाऊ. त्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मी बायकोकडं आशेनं बघितलं, तर ती म्हणाली, "करतील की ते. त्यात काय एवढं!" मी साधा चहा करायला लागलो तरी जी बाई गॅसजवळ येऊन उभी राहते, ती हे म्हणाली.

खरा घोटाळा झाला तो 'कॉकटेल' या शब्दानं. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या गावात कॉकटेल हे चमच्यानं खातात. उंच ग्लासात दोन-तीन तऱ्हेचं आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा, वर चेरी. मुंज झालेल्या पोरापासून पंचाहत्तरीच्या आजीपर्यंत सगळे खातात आणि खाल्ल्यावर कुणाचाही तोल जात नाही. त्यामुळं पप्पा घरात कॉकटेल करणार ही बातमी मुलीनं जिन्यातच फोडली आणि संध्याकाळी सहालाच वरच्या मजल्यावरची दोन पोरं आपापले चमचे घेऊन दारात हजर. त्यांना कसंबसं "उद्या, उद्या" म्हणून परत धाडलं. आई मात्र हलली नाही. "माझ्यात काजू कमी घाल रे," म्हणून ती सोफ्यावर वाट बघत बसली.

मेहुण्यानं कृती सांगितली. टकीला ४५ मिली, संत्र्याचा रस ९०, ग्रेनेडिन १५. उंच काचेचा ग्लास, बर्फ, आणि ढवळायचं नाही. झालं! ज्या घरात तांबड्या रश्श्याला नुसता मसाला भाजायला पाऊण तास लागतो, तिथं तीन जिनसांत पदार्थ होतो म्हटल्यावर मला ते जरा अपमानास्पदच वाटलं. त्यानं इतिहासही सांगितला. त्याच्या घरापासून जवळच सॉसलिटो नावाचं गाव आहे, तिथल्या ट्रायडंट नावाच्या हॉटेलात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बॉबी लोझॉफ आणि बिली राइस या दोघांनी हे आजचं रूप बसवलं. १९७२ साली रोलिंग स्टोन्सवाले गवई तिथं आले, त्यांना ते आवडलं आणि मग ते अमेरिकाभर दौऱ्यात तेच पीत हिंडले.

"बहात्तर साली?" आई सोफ्यावरनं म्हणाली. "बहात्तरला आम्ही रेशनवर मिलो खाल्ला. लाल मिलो ज्वारी. अमेरिकेचीच."

म्हणजे तांबडं पाठवायचं ते आम्हाला पाठवलं आणि प्यायचं ते स्वतःकडं ठेवलं. मेहुण्यानं विषय बदलला.

विषय बदलून तो बाटलीवर आला आणि तिथं तर आईचं राज्यच सुरू झालं. टकीला होते अगावे नावाच्या झाडापासून, असं त्यानं फोनवर चित्र दाखवत सांगितलं. आईनं चष्मा लावला. "हे केकताड न्हवं?" केकताडच की. बांधावर लावतात, काटे लागून माणूस रक्तबंबाळ होतो, पात कुजवून दोर वळतात ते घायपात. अगदी तेच नाही, भाऊबंद. मेक्सिकोत त्यातली निळसर जात लावतात, सहा-सात वर्षं वाढवतात, मग पाती छाटून मधला गड्डा काढतात. तो दिसतो अननसासारखा, भरतो वीस-पंचवीस किलोच्या पुढं. तो भाजायचा, पिळायचा, रस आंबवायचा आणि ऊर्ध्वपातन करायचं. पिळण्यापर्यंत आपलं गुऱ्हाळच. आईला हे सगळं पटलं, फक्त एक शंका राहिली. "मग आपल्या बांधावरच्या केकताडाची का नाही करत?"

करता येईल, पण तिला टकीला म्हणता येणार नाही. ते नाव मेक्सिकोतल्या हलिस्को आणि इतर ठरलेल्या मुलखापुरतंच, १९७४ पासून. मला हे एका झटक्यात कळलं, कारण आमच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली असंच भौगोलिक मानांकन मिळालं. गुळाला तर त्याआधीच. बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला की आमच्या बाजारात जी तळपायाची आग मस्तकात जाते, तीच तिकडं मेक्सिकोत जात असणार. बाटलीकडं मी पहिल्यांदाच आपुलकीनं बघितलं.

मी माणूस सरकारी, म्हणून सकाळीच दुकानातनं पाच रुपयांचा एक दिवसाचा परवानाही आणून ठेवला होता. मेहुणा हसला. हसू दे. आमच्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतलं कुणी कधी वाचलेलं नसतं.

आता संत्री. कपिलतीर्थ मंडईबाहेरच्या गाडीवाल्याला विचारलं. त्यानं माझ्याकडं, मग आभाळाकडं बघितलं. "संत्री? आखाडात? पाव्हणं, मोसंबी न्या. बहीणच हाय तिची." बहीण खरी, पण रंगानं अगदीच फिक्की. मोसंब्याचा रस ग्लासात ओतला तर सूर्योदय नव्हे, धुक्यातली पहाट दिसते. शेवटी खोक्यातला रस आणला.

ग्रेनेडिन कुठंच मिळालं नाही. एका दुकानदारानं "दाताचं असतंय काय?" विचारलं. मग शोधाशोध केल्यावर कळलं की ग्रेनेडिन म्हणजे मुळात डाळिंबाचा पाक. फ्रेंचमध्ये डाळिंबाला ग्रेनाद म्हणतात, हातबॉम्बचं नावही त्यावरनंच पडलेलं. डाळिंब तर गल्लीच्या तोंडाला ढिगानं. मी भगवा जातीची चार डाळिंबं आणली, सोलली, पुरणयंत्रातनं काढली. भिंतीवर, कॅलेंडरवर आणि माझ्या पांढऱ्या बनियनवर असे शिंतोडे उडाले, की स्वयंपाकघरात आलेली बायको आधी माझी बोटं मोजायला लागली.

इथं माझी पहिली चूक झाली. पाकाला साखर घालायची होती. पण शेल्फावर गावाकडनं आलेली गुळाची ढेप होती आणि कोल्हापूरकराच्या हाताला ढेप लागली की साखरेचा डबा दिसत नाही. घातला गूळ. लालभडक रस डोळ्यांदेखत काकवीच्या रंगाचा झाला. वास मात्र असा सुटला की दोन मिनिटं मी सनराइज विसरून दशमी शोधत होतो.

ग्लासाचंही रामायण. आमच्या घरात सगळं स्टीलचं. स्टीलच्या पेल्यात सूर्य उगवला काय, मावळला काय, कुणाला दिसणार? काचेचे उंच ग्लास शोकेसमध्ये, लग्नात आलेल्या सहाच्या सेटमधले उरलेले चार. "त्यातला एक जरी फुटला तर मी माहेरी जातो," बायको म्हणाली. (कोल्हापूरची बाई 'जातो'च म्हणते, आणि म्हणाली की जाते.) मापाला काय? खोकल्याच्या औषधाचं टोपण. त्यावर १५ मिलीची रेघ असते. तीन टोपणं टकीला, सहा टोपणं रस, एक टोपण पाक, हिशेब कसा चोख. टोपण तीनदा धुतलं तरी अडुळशाचा वास गेला नाही तो नाहीच.

आणि आता मूळ अडचणीवर येतो. हे पेय सुंदर दिसतं ते लाल खाली बसतं म्हणून. तळाला लाल, मध्ये केशरी, वर पिवळं. पण आम्ही कोल्हापूरकर जन्मापासून लाल बघत आलो ते वर. मिसळीचा कट वर. तांबड्याचा तवंग वर. लाल खाली गेलेला रस्सा आमच्याकडं हॉटेलवाल्याच्या तोंडावर परत पाठवतात. हाताला सवय त्याचीच. वरनं पळीभर लाल सोडायचं आणि ते पसरलं की "हां, आता झालं" म्हणायचं. मी पळीनं पाक सोडला. तो खाली निघाला. मला वाटलं बिघडलं! आणि तीस वर्षांच्या संस्कारानं मी त्याला वर आणायला पळी खाली घालून ढवळलं.

काकवी, संत्रं आणि टकीला एक झाली. मातकट, तांबूस, गढूळ. मेहुणा गप्प. आई उठून आली, ग्लास दिव्यापुढं धरला आणि म्हणाली, "नवं पाणी आणलंस व्हय टेंबलाईला?"

आखाडात पंचगंगेला नवं पाणी येतं ते गल्लोगल्लीचे लोक घागरीत भरून पी-ढबाक वाजवत त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, टेकडीवर नेतात. रंग हुबेहूब तोच होता. मेहुण्यानं एक घोट घेतला आणि सभ्यपणे म्हणाला, "वेगळं आहे." अमेरिकेत राहून माणूस एवढं शिकतो.

दुसऱ्या खेपेला साखर घेतली, पण पाक आटवताना तिकडं मटणाची शिट्टी मोजायची जबाबदारीही माझ्यावरच होती. पाक गोळीबंद झाला. ग्लासात सोडला तो थेट तळाला जाऊन चिकटला, चिक्कीसारखा. सूर्य उगवलाच नाही, क्षितिजाला घट्ट धरून बसला. तो ग्लास पुढं दोन दिवस गरम पाण्यात होता.

मग मात्र मी शांत बसलो आणि विचार केला. कट वर येतो कारण तेल पाण्याहून हलकं. पाक खाली जातो कारण साखर जड. साखर-पाणी समान वजनानं घेतलं तर लिटरभर पाक सव्वा किलोच्या जवळ भरतो, संत्र्याचा रस लिटरला किलोच्या थोडासाच वर. म्हणजे लाल आपोआप बुडणार. मी काहीच करायचं नाहीये. तिसऱ्या खेपेला डाळिंबाच्या रसात साखर नुसती विरघळवली, गॅस बंद. बर्फ, टकीला, रस. चमचा उलटा करून ग्लासाच्या कडेला टेकवला आणि त्याच्या पाठीवरनं पाक धारेनं सोडला. डावा हात मी पाठीमागं धरून ठेवला होता, पुन्हा ढवळू नये म्हणून.

लाल सावकाश खाली उतरलं. तळाला माणकासारखं बसलं, तिथनं वर शेंदरी झालं, मग केशरी, मग पिवळं. बर्फाच्या खड्यांमधनं लालाच्या दोन बारीक रेघा अजून खाली उतरत होत्या, उदबत्तीचा धूर उलटा पाडल्यासारख्या. मी अख्ख्या आयुष्यात एवढी सुबक वस्तू केली नव्हती. "अगं ए, इकडं ये! सगळे या!" मी ओरडलो. मेहुणा फोन काढत धावला. बायको पदराला हात पुसत आली. आई चष्मा शोधत निघाली.

आणि लाइट गेली.

आखाडातला पाऊस, झाडाची फांदी, कुठंतरी तार. अंधारात चौघंजण एका ग्लासाभोवती उभे. मेहुण्याचा फोन चार्जिंगअभावी टाटा करून गेला. बायकोनं मेणबत्ती लावायला काडेपेटी चाचपली आणि तिच्या हाताचा धक्का ग्लासाला लागला. फुटला नाही, ते एक बरं. मेणबत्ती लागली तेव्हा ओट्यावर पुन्हा पंचगंगा वाहत होती, थेट माझ्या परवान्यावर.

जेवणं मेणबत्तीत झाली. तांबडा अप्रतिम होता, कट वर. दहा वाजता आईनं विचारलं, "ते कॉकटेल राहिलंच की." मग छत्र्या घेऊन सगळे चालत कोपऱ्यापुढच्या दुकानात गेलो, तिथं लाइट होती. काउंटरवरच्या पोरानं उंच ग्लास घेतला, तोंडानं दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा हिशेब सांगत आधी तळाला लाल सिरप ओतलं, त्यावर पिवळं आइस्क्रीम, त्यावर पांढरं. थर असे, की पट्टीनं आखावेत.

"लाल आधीच घालतोस?" मी विचारलं.

"मग कधी घालायचं काका?" तो म्हणाला आणि चेरी ठेवली.

मेहुण्यानं तिथंच फोन चार्जिंगला लावला, त्या ग्लासाचा फोटो काढला आणि 'दाजींनी घरी केलेलं सनराइज' म्हणून कॅलिफोर्नियातल्या मित्रांना पाठवला. सकाळपर्यंत तिघांनी कृती मागितली होती. एकानं विचारलंय, वर फेस आणायला दाजी नक्की काय घालतात?