पेजमेकर सोडू नका, सुधारूही नका

तुमची प्रेस असो, दिवाळी अंक असो किंवा सोसायटीच्या स्मरणिकेचं गळ्यात पडलेलं काम असो, कधी ना कधी एखादं चुणचुणीत पोरगं येऊन विचारणारच, "काका, अजून पेजमेकर?" (पेजमेकर म्हणजे पानं लावायचं आपलं जुनं सॉफ्टवेअर.) गडबडू नका. त्याच्यासाठी चहा मागवा आणि आपण वादाला तयार आहोत असं दाखवा. आहे ते दुरुस्त करून घ्यावं की नवं धरावं, हा वाद नीट घातला तर दोन्ही गोष्टी आरामात टळतात.

पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि २००४ मध्ये ॲडोबी कंपनीनं त्याचं पुढचं काम थांबवलं. पोरगं याला मेलेलं सॉफ्टवेअर म्हणेल, तुम्ही स्थिरावलेलं म्हणा. वीस वर्षांत त्यात एकही नवा दोष शिरलेला नाही! जुने आहेत, पण ते आता घरचेच झालेत. त्यासाठी जुनं विंडोज एक्सपीवालं मशीन तेवढं जपायचं. त्याला इंटरनेट जोडायचं नाही, वर कापड घालायचं, आणि ते बंद करण्याचा अधिकार फक्त ऑपरेटरला द्यायचा.

मग पोरगं फाँटांवर घसरेल. जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. म्हणजे तुमची अख्खी कादंबरी कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांचा ढिगारा असते. मराठी आहे ती फक्त दिसण्यापुरती. यात बिघडलं कुठे? मजकूर शोधता येत नाही, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीच्या संपादकीयात तुम्ही कुणाची आरती ओवाळली होती हे कुणालाही काढता येत नाही. सूची आपोआप अकारविल्हे लागत नाही, ती ऑपरेटर हातानं लावतो. त्याच्या पोटावर पाय आणणारे तुम्ही कोण? आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःची जागा देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासूनच तर आहे. जरा रुळू द्या की.

तरी पोरगं हटलं नाही, तर हुकमी पान टाका: "युनिकोडमध्ये आपला ल आणि श येत नाही." पाकळीचा ल आणि गाठीचा श म्हणजे मराठी अस्मिता, २००९ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं वर्णमालेचा शासन निर्णय काढला, त्यातही ही वळणं आहेत. आता अनेक नव्या फाँटांत ही दोन्ही अक्षरं असतात, आणि मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप उमटतात, हे खरं आहे. म्हणून ती भाषा निवडण्याची जागा कुठे आहे हे चुकूनही बघू नका. अस्मितेचा प्रश्न असा दोन क्लिकमध्ये सुटला तर परिसंवाद कशावर घ्यायचे?

अगदीच नाइलाज झाला तर जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचीही अशीच ओढाताण. चांगला कन्व्हर्टर हे निस्तरतो. तुम्ही चांगला घेऊ नका. 'दऱ्या'मधला तो अर्धा र तर पर्वणीच आहे. तो ऱ ला हलन्त देऊनही लिहिता येतो आणि साध्या र ला हलन्त देऊन त्यानंतर एक न दिसणारी जोडखूण घालूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधणाऱ्या कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. एकाच पुस्तकात दोन्ही वापरा. प्रकरण तीनपर्यंत एक, पुढे दुसरा. मुद्रितशोधकाच्या बापाला सापडणार नाही. (मुद्रितशोधक ठेवलाच असेल तर.)

बदलून बघण्याचीही एक रीत आहे. पानं लावायचं स्क्रायबस फुकट आहे, मजकूर लिहायचं लिबरऑफिस २०१० पासून फुकट आहे. तेव्हा उतरवून घ्या. पण कधी? अंक छापायला जायच्या आदल्या रात्री. सवयीची बटणं जुन्या जागी नाहीत असं दिसताच "सामान्य माणसासाठी नाहीच हे" असं जाहीर करा आणि डबल क्लिक करून पेजमेकरमध्ये परत या. दोष खरोखरच सापडला, तर ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांना आवृत्ती, दोष दिसण्याच्या पायऱ्या आणि नमुन्याची फाइल पाठवण्याचा मोह होईल. तसं केलं तर कुणीतरी तो दुरुस्त करण्याचा धोका असतो. त्यापेक्षा व्हॉट्सॲप ग्रुपवर "मराठी चालत नाही" एवढंच टाका. कुठे चालत नाही, काय चालत नाही, हे विचारणाऱ्याला भाषाद्रोही ठरवा.

एवढं सांभाळलंत की पुढचं सगळं सुरळीत. एक दिवस एखाद्या लेखिकेला आपल्या जुन्या कथेचं ई-बुक काढायचं असेल आणि ती फाइल मागेल. तिला पीडीएफ द्या. त्यातून मराठी मजकूर धड कॉपी होणार नाही, म्हणून ती कागदावर छापेल, छापलेलं स्कॅन करेल, स्कॅनवरून अक्षरं ओळखून घेईल आणि चुका दुरुस्त करत महिनाभर बसेल. मग ती शुद्ध, शोधता येणारी युनिकोड प्रत तुमच्या पुढच्या दिवाळी अंकासाठी सद्भावनेनं तुम्हालाही पाठवेल. ती ऑपरेटरकडे द्या. जुन्या फाँटात टाइप करून घ्यायला तो पानाचे नेहमीचेच पैसे घेतो.