पाठीवरची रेघ

आमच्या फोंड्याच्या घरात जून ते सप्टेंबर या काळात जे जे वाळायला हवे ते वाळत नाही, आणि नेमक्या याच काळात मला प्लास्टिकची विमाने जोडण्याची हौस येते. यंदा मी सी हॉक हाती घेतले. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरून उडालेले हे लढाऊ विमान १:७२ या प्रमाणात जेमतेम १७ सेंटीमीटर भरते. परंतु एवढ्याशा देहाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत जी रेघ असते, तिने माझा अख्खा आषाढ खाल्ला आणि श्रावणालाही तोंड लावले.

पोकळ धड अखंड निघत नाही, म्हणून वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबून त्याचे डावे आणि उजवे असे दोन भाग काढतात आणि ते सांधण्याचे पुण्यकर्म गिऱ्हाइकावर सोपवतात. त्यासाठीचे द्रावण म्हणजे डिंक नव्हे. ते प्लास्टिकच्या कडा विरघळवते आणि त्या एकमेकींत मुरल्या की सांधा पक्का होतो. दाबल्यावर सांध्यावर विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक वरंबी उमटली, तर आत पोकळी राहिली नाही असे समजावे आणि निदान एक दिवस त्याला हात लावू नये. मी चार तासांनी लावला. विमानाच्या डाव्या कुशीवर माझ्या अंगठ्याचा ठसा इतका सुबक उमटला की मामलेदार कचेरीत तो सहीऐवजी सहज चालला असता.

पुढे घासकाम. आधी पात्याने खरवडायचे, मग ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून क्रमाने फिरवायचा. तिसऱ्या दिवशी सांध्यावरून नख फिरवले तर कुठेही अडकेना. मी विजयी मुद्रेने राखाडी प्रायमर मारला, आणि तो सुकताच रेघ हजर! उलट आता ती अधिक ठसठशीत होती. मधल्या काळात हवापालट करून आल्यासारखी.

मग पुट्टी भरली. पुट्टीतले द्रावक उडून गेले की ती आक्रसते, त्यामुळे काल सपाट असलेल्या जागी आज चर पडला. त्यावर उपाय म्हणून सुपरग्लू भरला. तो आक्रसत नाही, मात्र लवकर घासला नाही तर भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होतो. मी तो भरला आणि वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. त्यानंतर घासू लागलो, तेव्हा सुपरग्लू जागचा ढळेना आणि दोन्ही बाजूंचे प्लास्टिक मात्र झिजत गेले. जिथे चर होता तिथे आता कणा आला, आणि शेजारच्या पत्र्यांच्या नाजूक खाचा पार पुसल्या गेल्या. पुसायच्या नव्हत्या त्या रेघा किती चटकन गेल्या, हे मी सौभाग्यवतीला कौतुकाने दाखवले. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, ती मधली दिसतेय अजून.’’

चवथ जवळ आली म्हणून गणपती सांगायला चित्रशाळेत गेलो, तेव्हा विमान खिशात होते. मूर्तिकार काकांनी साच्याच्या दोन भागांतली माती एकत्र केली, पाण्यात बुडवलेला अंगठा सांध्यावरून एकदा ओढला आणि काम झाले.

‘‘काका, रंग दिल्यावर रेघ परत दिसत नाही?’’

‘‘कसली रेघ?’’

मी विमान पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि केवळ हाताच्या सवयीने, ओला अंगठा त्याच्याही पाठीवरून फिरवला. क्षणभर मी खरोखरच वाकून पाहिले.

शेवटी अस्सल विमानाची पाठ पाहून यावी म्हणून सौभाग्यवतीसह बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय गाठले. तिथे उघड्यावर सी हॉक उभे आहे. त्याच्या अंगावर पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटा भरपूर दिसल्या, पण टाचा उंचावल्या, उड्या मारल्या, तरी पाठ काही नजरेच्या टप्प्यात येईना.

‘‘मग तुमच्या विमानाची तरी पाठ कोण बघणार आहे?’’ सौभाग्यवती म्हणाल्या.

मला ते शंभर टक्के पटले. घरी येताच मी विमान कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवले आणि वॉटर पेपर केरात टाकला. चवथीला सासूबाई येणार होत्या आणि त्या माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत, हे तेवढे ध्यानात राहिले नाही.