दूषित जमिनीची नोंद सातबाऱ्यावर झालीच पाहिजे

जमिनीचे कागद वाचणं हा माझा रोजचा व्यवसाय. खरेदीआधी पक्षकार येतो, मी मागच्या तीस वर्षांचा सर्च घेतो, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), फेरफार, जुने सातबारे तपासतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि सगळं ठीक असेल तर ‘मिळकत निर्वेध व निजोखमी आहे’ असा अहवाल लिहून देतो. आजची पोस्ट या कामातूनच सुचली आहे. लांब आहे, पण जमीन घेणाऱ्याने आणि कसणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ खाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. कारखान्यांनी कधीकाळी पुरलेल्या, नाल्यात सोडलेल्या, उघड्यावर ओतलेल्या घातक रसायनांनी ज्या जागा नासल्या, त्या शोधायच्या कशा आणि साफ कुणी करायच्या, याला पहिल्यांदा स्वतंत्र कायदेशीर चौकट मिळाली. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. राज्य प्रदूषण मंडळाने किंवा तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यानंतरच्या तीन महिन्यांत सविस्तर. २०१६ च्या घातक कचरा नियमांतली १८९ रसायनं आहेत, त्यातल्या कशाचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलंय का ते पाहायचं. गेलं असेल तर जागा जाहीर करायची, तिथल्या वावरावर निर्बंध घालायचे आणि घाण करणाऱ्याला शोधून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपतच नसली तर केंद्र आणि राज्य मिळून खर्च करणार.

नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा ओळखल्याचं सांगितलं गेलं. प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती सात ठिकाणी.

१०३ हा आकडा मला अजिबात पटत नाही. आपल्या एकट्या महाराष्ट्राचा विचार करा. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली. घातक कचऱ्याचे देशातले पहिले नियम आले १९८९ साली, तेही भोपाळनंतर. मधली २७ वर्षं रासायनिक कारखान्यातला गाळ कुठे टाकायचा याचा स्वतंत्र नियमच नव्हता. तो गाळ हवेत तर विरून गेला नाही. तो कुठल्या ना कुठल्या गट नंबरात आहे. त्यातल्या काही जमिनींवर आज प्लॉटिंग आहे, काहींवर भातशेती.

मध्यंतरी एक पक्षकार आले. निवृत्तीच्या पैशांतून एका औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूला त्यांनी काही गुंठे घेतले होते. खरेदीखत झालेलं, फेरफार मंजूर, सातबाऱ्यावर नाव. मग त्यांनी बोअर मारली. पाण्याची बाटली सोबतच आणली होती. पाणी पिवळट, तळाशी बारीक साका. झाकण काढल्याबरोबर केबिनभर थिनरचा वास सुटला. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की विकणाऱ्यावर दावा लावता येईल का?

लावता येतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असं ते कलम म्हणतं. पण त्याला ते ठाऊक होतं हे शाबीत करायचं कसं? गावात सगळ्यांना माहीत असतं. रात्री टँकर यायचे, खाणीच्या खड्ड्यात रिकामे व्हायचे, म्हशी तिथलं पाणी तोंडाला लावायच्या नाहीत, हे चहाच्या टपरीवर कुणीही सांगेल. साक्षीच्या पिंजऱ्यात यायला मात्र कुणी तयार होत नाही, आणि कागदावर त्यातलं अक्षरही नसतं.

सातबाऱ्याचा ‘इतर अधिकार’ हा रकाना ज्यांनी बारकाईने वाचलाय त्यांना माहीत आहे, तिथे काय काय लिहिलेलं असतं. तीन पिढ्यांपूर्वीचं सरकारी तगाईचं कर्ज असतं. कुळकायदा कलम ४३ चं, म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन असतं. बहिणींचे हक्क असतात. विहिरीच्या पाण्यात कुणाचा किती हिस्सा, तेही असतं. त्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे कुठेच नसतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. सविस्तर तपासणीनंतर जी जागा दूषित ठरेल, तिच्या प्रत्येक गट नंबराच्या सातबाऱ्यावर, आणि शहरात असेल तर प्रॉपर्टी कार्डावर, तशी नोंद व्हावी. प्रदूषण मंडळाचा आदेश तहसीलदाराकडे जावा, फेरफार पडावा आणि नोंद चढावी. त्यात कोणतं रसायन सापडलं, आदेश क्रमांक काय, सफाईची जबाबदारी कुणाची हे लिहिलेलं असावं. सफाई पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की बँकेचा बोजा जसा उतरवतात तशी ती उतरवावी. नुसती पोर्टलवरची यादी कोण बघणार? जमीन घेणारा माणूस सातबारा बघतो. कर्ज देणारी बँक सातबारा बघते. जमीन बिगरशेती करायची तरी सुरुवात सातबाऱ्यापासूनच होते.

दूषित जागांची यादी करण्याची पद्धत अमेरिकेत जिथून सुरू झाली, ती गोष्ट याच मुद्द्याची आहे. नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट सोडलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ साली ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. त्या खरेदीखतात लिहिलं होतं, की या जागेत रासायनिक कारखान्याचा कचरा भरलेला आहे आणि पुढे काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. म्हणजे कागद होता. शाळा मंडळाच्या हातात होता. त्याच जमिनीवर शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली, आणि ज्या कुटुंबांनी आयुष्याची कमाई घालून ती घरं घेतली त्यांच्यापर्यंत ते वाक्य पोचलंच नाही. तळघरांत काळा चिकट द्रव झिरपायला लागला. लोइस गिब्स नावाची एक गृहिणी, जिचा मुलगा त्या शाळेत जात होता, दारोदार फिरली, शेजाऱ्यांच्या आजारपणांची टिपणं केली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तिथे आणीबाणी जाहीर केली, १९८० मध्ये अशा जागा साफ करण्यासाठी ‘सुपरफंड’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि १९८३ मध्ये ४०६ जागांची पहिली राष्ट्रीय यादी निघाली. लव्ह कॅनॉलचं नाव त्या यादीतून वगळलं गेलं २००४ साली. एक वाक्य वेळेवर योग्य माणसाच्या हाती न पडल्याची ही किंमत. आज अमेरिकेत कचरा जागेवरच झाकून ठेवावा लागला तर ‘इथे विहीर खोदू नये, घर बांधू नये’ अशी बंधनं जमिनीच्या दस्तांत नोंदवली जातात. मी काही अचाट मागत नाहीये.

ही मागणी मांडली की पहिला आक्षेप येतो तो भावाचा. नोंद झाली की जमिनीचा भाव पडणार. पडेल, मान्य आहे. पण जमीन नासली तेव्हाच तो पडलाय. नोंद नाही म्हणून तो तोटा पुढच्या अडाणी खरेदीदाराच्या गळ्यात बांधता येतो, इतकंच.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्यावर मी बराच विचार केलाय. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीत शेजारच्या कारखान्याचं पाणी मुरलं, त्याने काय गुन्हा केला? त्याच्याच उताऱ्यावर डाग का? यासाठीच माझं म्हणणं आहे, की संशयावरून नोंद करू नये, पक्की तपासणी झाल्यावरच करावी, आणि घाण कुणी केली ते नाव त्यात यावं. तशी नोंद झाली तर तिचा पहिला फायदा त्या शेतकऱ्यालाच आहे. नुकसानभरपाई मागायला त्याच्या हातात सरकारी कागद येतो. आज त्याच्याकडे नापिकीशिवाय दुसरा पुरावा नाही.

कागदाशिवाय आणि कागदासह किती फरक पडतो हे पाहायचं असेल तर राजस्थानातलं बिछडी बघा. उदयपूरजवळच्या त्या गावात एच-ॲसिड (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला, विहिरींचं पाणी लालसर तपकिरी झालं. आपल्या नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) मोजमाप करून अहवाल दिला, त्यावर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘प्रदूषण करेल तो भरेल’ हे तत्त्व ठणकावून लागू केलं. तरी कंपनी एकामागून एक अर्ज करत राहिली, आणि २०११ मध्ये कोर्टाला ३७ कोटींहून अधिक रकमेवर चक्रवाढ व्याज लावावं लागलं. पंधरा वर्षं लढा टिकला तो नीरीच्या आकड्यांच्या जोरावर. ज्या गावात कुणी मोजायलाच आलं नाही, त्या गावाची केस पहिल्या तारखेलाच संपते.

नव्या नियमांतल्या दोन उणिवा मला टोचतात. जागा दूषित ठरल्यावर सफाई कधीपर्यंत पूर्ण करायची, याला मुदत नाही. आणि महापालिकांची डंपिंग ग्राउंडं, खाणकाम वगैरे या नियमांबाहेर ठेवलंय, त्यांना वेगळे कायदे आहेत म्हणून. ज्यांनी डंपिंगवर रात्री ड्रम उतरताना पाहिलेत त्यांना या वगळण्याचा अर्थ मी समजावायची गरज नाही.

पण सहामाही अहवालाची तरतूद आपल्या कामाची आहे, तिचा उपयोग आत्ता करता येईल. जिल्हाधिकाऱ्यांकडे माहिती जाणार कुठून? गावातूनच. ग्रामसभेत ठराव घ्या. गट नंबर लिहा, कोणत्या सालापासून काय टाकलं जातंय ते लिहा, विहिरीच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट असेल तर जोडा, तारखेसह फोटो जोडा. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आवक-जावकला द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्याच ठरावात सातबाऱ्यावरच्या नोंदीची मागणीही घाला. मी ठरावाचा आणि अर्जाचा मसुदा तयार केलाय, ज्या गावाला हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो. फी नाही.