सुटी करून विकावी की अख्खी? एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

जुनी गाडी भंगारात काढण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. तुमचे मुद्दे दोन ओळींत उरकण्यासारखे नाहीत, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की ‘गाडी शक्यतो अख्खीच विका’ हा माझा सल्ला भंगारवाल्यांच्या पथ्यावर पडणारा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा), बॅटरी, अलॉय व्हील, वायरिंग असं सगळं सोडवून वेगवेगळं विकलं तर दुप्पट पैसे होतात. तुमच्या ओळखीच्या एकाला २०२१ मध्ये नुसत्या कन्व्हर्टरचेच इतके पैसे मिळाले, की बाकीची गाडी फुकट दिली असती तरी चाललं असतं. दुसरा आक्षेप, वजनकाट्यावर होणाऱ्या फसवणुकीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. आणि शेवटी तुमच्या स्वतःच्या गाडीचा प्रश्न: चौदा वर्षांची पेट्रोल गाडी, इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स गेलेला, अलॉय व्हील चांगल्या स्थितीत. तिचं काय करावं?

माझं मत आजही तेच आहे. जुन्या गाडीचे पैसे किती येतील हे मुख्यतः ती कोणाला विकता यावर ठरतं. ती किती तुकड्यांत विकता हा त्यानंतरचा प्रश्न.

किलोवर गाडी विकताना नेमकं काय विकलं जातं ते पाहा. लहान गाडीचं वजन साधारण एक टन धरू. त्यातला दोनतृतीयांशाच्या आसपास भाग लोखंड आणि पोलाद असतो. जवळपास पाव भाग प्लॅस्टिक, रबर, काच, फोम आणि कापड. या पाव भागाचे कोणी पैसे देत नाही, उलट त्याची विल्हेवाट लावायला खर्च येतो आणि तो खर्च भावातून आधीच कापलेला असतो. म्हणजे किलोचा भाव हा त्या गाडीचा तळाचा भाव आहे. त्याच गाडीला ती दुरुस्त करून चालवणारा माणूस जास्त देतो. त्याच मॉडेलची गाडी दारात असलेला आणि सुटे भाग शोधत असलेला माणूसही जास्त देतो. गाड्या सोडवून त्यांचे भाग विकणारा व्यावसायिक या दोघांपेक्षा कमी देतो, पण काट्यावाल्यापेक्षा जास्त. काट्यावाला शेवटचा. आपल्यापैकी बहुतेक जण पहिला फोन त्यालाच करतात, आणि मग त्याच्याशी घासाघीस करण्यात जीव आटवतात. ती घासाघीस मुळात चुकीच्या माणसाशी चाललेली असते.

आता कन्व्हर्टर, कारण तुमच्या प्रतिक्रियेचा सगळा भार त्यावर आहे.

सायलेन्सरच्या लाइनमध्ये इंजिनाच्या बाजूला जो फुगीर डबा असतो तो कन्व्हर्टर. त्याच्या आत बहुधा सिरॅमिकची विटेसारखी वस्तू असते, तिला आरपार हजारो बारीक भोकं. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. हे सगळं मिळून काही ग्रॅमच भरतं, पण डब्याची किंमत त्यातच आहे. ऱ्होडियमचा भाव मार्च २०२१ मध्ये औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) २९,००० डॉलरच्या घरात गेला होता. २०२३ मध्ये तो ५,००० डॉलरच्या खाली आला. पॅलेडियम मार्च २०२२ मध्ये ३,००० डॉलरच्या वर होतं, ते २०२३ सरता सरता १,१०० च्या आसपास आलं. त्यानंतरही हे भाव वरखाली होत राहिले आहेत. तुमच्या ओळखीच्या माणसाला पैसे मिळाले ते नेमके शिखरावर. त्याचं उदाहरण खरंच आहे, पण त्यावरून आजचा हिशेब मांडता येणार नाही.

शिवाय त्याच्याकडे मूळ कंपनीचा कन्व्हर्टर असणार. जुन्या गाडीत तो एकदा बदललेला असण्याची शक्यता बरीच असते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पर्यायी कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू मूळच्या मानाने फारच कमी असतात, त्यामुळे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ओळखायचं कसं? गाडी थंड असताना, ती मजबूत स्टँडवर किंवा गॅरेजच्या लिफ्टवर असताना, टॉर्च घेऊन डब्याच्या पत्र्यावर कोरलेला नंबर शोधा. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह आणि ठसठशीत अक्षर-अंकांचा नंबर असेल तर तो बहुधा मूळचा. गंजलेला असेल तर तारेच्या ब्रशने हलकेच घासा आणि फोटो काढा. मग डब्यावर रबरी हातोडीने किंवा मुठीने टकटक करा. आत खडखड वाजलं तर वीट फुटली आहे, आणि तिचा काही भाग मागच्या पाइपातून उडूनही गेला असू शकतो. नुसता पोकळ आवाज आला तर कोणीतरी आतली वीट आधीच काढून घेतलेली असण्याचा संशय घ्यायला जागा आहे.

हा नंबर आणि फोटो हातात असले की कन्व्हर्टर काढायची सहसा गरजच उरत नाही. कन्व्हर्टर घेणारे व्यापारी नंबरावरूनच भाव सांगतात. तो भाव माहीत करून घ्या आणि अख्ख्या गाडीचा सौदा करताना सांगा, ‘कन्व्हर्टर मूळचा आहे, नंबर हा, फोटो हा.’ गाडी घेणारा माणूस मनातल्या मनात तो मोजतोच. तुम्हाला त्याची किंमत ठाऊक आहे हे कळलं की त्याचा आकडा वर सरकतो. काढून घेतलात तर तो तितकेच पैसे कापतो, कित्येकदा जास्तच. वर सुट्या कन्व्हर्टरची खरेदी-विक्री अनेक देशांत कडक नियमांखाली आहे, कारण त्यांच्या चोऱ्या बेसुमार वाढल्या होत्या. सुटा डबा घेऊन गेलात तर मालकीचा पुरावा मागतात, आणि मागायलाच हवा.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नका. ग्राइंडर घेऊन तर मुळीच नाही. पेट्रोलची रिकामी वाटणारी टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक असते, कारण ती वाफेने भरलेली असते आणि एक ठिणगी पुरते. एअरबॅग काढायच्या फंदात पडू नका, त्यात स्फोटक द्रव्य असतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली तर हातातला पाना खाली ठेवा, ती उच्च दाबाच्या विजेची असते. एसीचा गॅसही हवेत सोडू नका. जुन्या गाड्यांत सर्रास असणारा आर-१३४ए हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त जाचक आहे. तो काढून घेण्याची यंत्रं व्यावसायिकांकडे असतात.

मग काहीच काढू नये का? तसं नाही. अलॉय व्हीलबाबत तुमचं बरोबर आहे. ॲल्युमिनियमच्या भंगाराचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. एक अलॉय व्हील आठ-दहा किलोचं, चारांचे मिळून पस्तीस-चाळीस किलो. एवढ्या ॲल्युमिनियमचे पैसे शे-दीडशे किलो लोखंडाइतके होतात, आणि काम अर्ध्या तासाचं. भंगारात देण्याआधी कोणी वापरायला घेतंय का तेही पाहा, चांगल्या व्हीलना तसा भाव जास्त मिळतो. भंगारातच द्यायची तर टायर, व्हॉल्व्ह आणि कडेला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं काढून टाका. तेवढं केलं की माल ‘साफ’ धरला जातो आणि भाव बदलतो. फक्त गाडी चाकांवर राहिली पाहिजे. झिजलेल्या टायरचे जुने लोखंडी रिम कुठून तरी मिळवून लावा. लोळत पडलेली गाडी उचलायला क्रेन लागली, तर अलॉयमध्ये कमावलेलं उचलण्याच्या खर्चात जातं.

बॅटरी चालू असेल तर काढून वापरायला विका. मेलेली असेल तरी तिच्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि ती वेगळी विकता येते. ॲसिड ओतू नका, बॅटरी तशीच उभी न्या. स्टिरिओ, छतावरचं कॅरिअर, स्टेपनी, चांगले टायर यांच्याबद्दल फार लिहायला नको, गिऱ्हाईक मिळालं तर काढा.

वायरिंगचा सल्ला मात्र मला अजिबात पटलेला नाही. साध्या पेट्रोल गाडीत सगळं मिळून वीस-पंचवीस किलो तांबं असतं असं धरतात, पण ते एका जागी नसतं. मोटारी, अल्टरनेटर, सेल्फ, डॅशबोर्डच्या आतलं जाळं, दारं, डिकी असं ते गाडीभर पसरलेलं असतं. हार्नेस, म्हणजे वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, ओढून काढायला सगळं आतलं सामान उचकटावं लागतं. त्यानंतर ती बारीक वायर सोलणं हे दात कोरून पोट भरण्यासारखं आहे. मग लोक ती जाळतात. कृपा करून हे करू नका. वायरवरच्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतं, आणि तांब्याच्या सान्निध्यात ते जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. जळून काळवंडलेल्या तांब्याला व्यापारी भावही खालच्या प्रतीचा देतो. एवढं जीवावर उदार होऊन हाती येतं काय, तर स्वच्छ तांब्यापेक्षा कमी भाव.

आता वजनकाटा. हा मुद्दा रास्त आहे आणि सविस्तर लिहायलाच हवा होता असं तुम्ही म्हणता, तर लिहितो. आधी गाडीचं रिकामं वजन माहीत करून घ्या. ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत मिळतं. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेला आकडा बहुतेकदा माणसं आणि सामानासह कमाल वजनाचा असतो, तो धरलात तर काट्यावर विनाकारण वाद होईल. युरोपीय पद्धतीच्या आकड्यात पंचाहत्तर किलोचा चालक आणि जवळपास भरलेली टाकी धरलेली असते, तेवढं वजा करा. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे चाळीस लिटरची टाकी तीसेक किलो.

गाडी ट्रकवर चढवून नेली तर ट्रकसह वजन आणि रिकाम्या ट्रकचं वजन, दोन्ही त्याच काट्यावर, त्याच दिवशी, तुमच्यासमोर व्हायला हवीत. ट्रकचं वजन ‘आम्हाला ठाऊक आहे’ असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते आधी पाहा. पहिल्या वजनाला ट्रकचा चालक खाली आणि दुसऱ्या वेळी केबिनमध्ये, असं झालं तर एक माणूसभर वजन तुमच्या खात्यातून गेलं. दोन्ही पावत्यांचे फोटो घ्या. शक्य असेल तर आधी जवळच्या स्वतंत्र काट्यावर वजन करून मगच पुढे जा. आणि ‘घाण, माती, काच’ म्हणून किती कापणार हे भाव ठरवतानाच विचारा. भाव चढा सांगून कपातीत वसूल करणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. म्हणून मी भावापेक्षा हातात येणाऱ्या एकूण रकमेचा आकडा मागतो, उचलण्याचा खर्च धरून. तीन-चार ठिकाणी तोच फोटो, तेच वर्णन पाठवा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते.

सरकारी प्रोत्साहन योजना असेल तर सोडवासोडवी आणखी महागात पडू शकते. अमेरिकेत २००९ च्या योजनेत जुन्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट होती, पण गाडी चालू स्थितीत असण्याची अट होती. जमा झालेल्या गाडीच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण घालून ते कायमचं बंद पाडत. अर्धी सोडवलेली गाडी घेऊन गेलेल्याला तिथे काही मिळालं नसतं. तेव्हा आधी योजना आहे का, तिच्या अटी काय, हे बघा, पाना नंतर.

कागदपत्रांत ढिलाई नको. नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हातात येईपर्यंत त्या गाडीने किंवा तिच्या नंबरप्लेटने जे काही होईल ते तुमच्या नावावर. विम्याचे उरलेले महिने परत मिळतात का ते विचारा, बरेच जण हे पैसे सोडून देतात. टोलचा टॅग काढा, नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता पुसा.

आता तुमची गाडी. इंजिन चांगलं आणि गिअरबॉक्स गेलेला, म्हणजे ती काट्यावाल्याची गाडी नाहीच. त्याच मॉडेलच्या एखाद्या मालकाची गाडी नेमकी उलट्या अवस्थेत, म्हणजे इंजिन गेलेलं आणि गिअरबॉक्स शाबूत, अशी उभी असू शकते. त्या मॉडेलची कामं करणाऱ्या दोन-तीन गॅरेजांत विचारा. इंजिन चालू असतानाचा व्हिडिओ काढा, थंड इंजिन सुरू करण्यापासून, मध्ये न थांबवता, डॅशबोर्डवरचं किलोमीटर दिसेल असा. बॅटरी उतरू देऊ नका, कारण सुरू होणारं इंजिन आणि ‘सुरू व्हायचं’ असं सांगितलेलं इंजिन यांच्या किमतीत फार अंतर असतं. भंगाराचा भाव वाढेल म्हणून थांबू नका. उभ्या गाडीचे ब्रेक चिकटतात, टायर बसतात, उंदीर वायरी कुरतडतात. महिनाभरात गॅरेजवाल्यांकडून किंवा मालकांकडून गिऱ्हाईक आलं नाही, तर भाग विकणाऱ्या व्यावसायिकांकडे जा आणि कन्व्हर्टरचा नंबर पहिल्याच फोनमध्ये सांगा. अलॉय व्हील त्याआधी उतरवून घ्या, लोखंडी रिम लावा आणि फोटो त्या रिमवरच काढा, म्हणजे सौदा ठरल्यावर कोणी ‘चाकं बदलली’ म्हणून पैसे कापणार नाही.

कन्व्हर्टरवरचा नंबर सापडला की फोटो मला पाठवा. मूळचा आहे की बदललेला, हे मी पाहून सांगेन.