थुंकली, म्हणजे गाभण!

अल्पाकाला, म्हणजे अँडीज पर्वतातल्या, उंटाच्या कुळातल्या त्या लोकरीच्या प्राण्याला, माज नसतो. हे गोठ्याच्या अर्थाने. दुसऱ्या अर्थाचा माज तिच्यात इतका असतो की सरपंचाच्या मेव्हण्याने तिच्याकडे शिकवणी लावावी. गाय एकवीस दिवसांनी हंबरून सांगते, शेळी शेपटी हलवत सगळ्या आळीला सांगते. अल्पाका काहीच सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही झालेलंच नसतं. नराशी संग झाल्याशिवाय तिचं बीजांड सुटत नाही; त्यानंतर दिवस-दीड दिवसाने सुटतं. मग गाभण राहिली की नाही, हे ओळखायचं कसं? नर पुन्हा तिच्यापुढे नेऊन उभा करायचा. खाली बसली तर रिकामी. थुंकली तर गाभण.

‘येथे थुंकू नये’ या पाट्या वाचत लहानाचा मोठा झालेला मी, इथे इंग्लंडात यॉर्कशरच्या टेकडीवर चार एकरांत चौदा अल्पाका पाळून, कुणीतरी एकदाचं थुंकावं म्हणून उन्हाळाभर देव पाण्यात घालून बसतो.

आधी लग्न कसं लागतं ते सांगतो. नराला दोरीला धरून माद्यांच्या कुंपणात आणलं की तो घशातून एक आवाज सुरू करतो. किक न लागणारी लुना पाण्याच्या टाकीत बुडवली तर साधारण तसा येईल. मादी राजी असेल तर उंटासारखे पाय दुमडून खाली बसते. या बैठकीला इथे ‘कुश’ म्हणतात. लव कुठंय, असं विचारू नये, मी विचारून झालंय. मग वीस-पंचवीस मिनिटं, कधी त्याहूनही जास्त, आवाज अखंड चालू. गंमत म्हणजे शेजारच्या रिकाम्या माद्याही जवळ येऊन बसतात. लग्नात पुढच्या पंगतीची माणसं जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहतात ना, तशा.

खरी परीक्षा सातव्या दिवशी. बीजांड सुटलं असेल तर त्याच्या जागी तयार झालेली गाठ एक संप्रेरक सोडायला लागते आणि त्यामुळे मादीला नर नजरेसमोरही नको होतो. म्हणजे सातव्या दिवशीची थुंकी फक्त बीजांड सुटल्याची पावती. गर्भ धरला नसेल तर ती गाठ दहा-बारा दिवसांत विरते आणि चौदाव्या दिवशी बाईसाहेब पुन्हा मुकाट बसतात. म्हणून चौदाव्या दिवशी परत थुंकली तरच पेढे. नवखे लोक पहिल्याच थुंकीवर वहीत ‘गाभण’ लिहितात आणि वर्षभर रिकाम्या पोटाचं कौतुक करतात. त्यातही काही माद्या स्वभावानेच थुंकऱ्या असतात आणि काही इतक्या भिडस्त की गाभण असूनही बसतात. म्हणून दोनेक महिन्यांनी व्हेटकडून सोनोग्राफी करून घ्यावी. व्हेट महाग असतो, थुंकी फुकट असते.

थुंकीच्याही पायऱ्या आहेत. पहिली नुसती हवा, म्हणजे ‘चल हट’. दुसरी तोंडात असेल त्या गवताची किंवा भरड्याची. तिसरी पोटातून येते. कान मागे सपाट होतात, हनुवटी आभाळाकडे जाते, लांब मानेतून एक गोळा खालून वर सरकताना स्पष्ट दिसतो. एवढं दिसूनही माणूस हलत नाही, कारण हातात नराची दोरी असते. नेम नराचाच असतो, पण नर शहाणा असतो, तो मान वळवतो. हिरवा, आंबलेला, कोमट फवारा दोरी धरणाऱ्याच्या कॉलरपाशी पोचतो. वास कुठल्याही साबणाला दोन दिवस दाद देत नाही. थोडा न्याय असा की हा वास तिलाही सोसत नाही. थुंकून झाल्यावर तिचा खालचा ओठ लोंबतो, तोंड उघडं राहतं, आणि दहा-पंधरा मिनिटं ती कारल्याचा काढा पाजल्यासारखी उभी असते. मीही तसाच उभा असतो. मग आत जाऊन वहीत आनंदाने लिहितो: ‘दिवस १४, जोरदार.’

पुढे साडेअकरा महिने. त्यातला हिवाळा विटामिन डीचा. अँडीजमध्ये चार हजार मीटरवरचं ऊन खाऊन घडलेला हा प्राणी. यॉर्कशरमध्ये सूर्य लग्नात अहेर देऊन न जेवता निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखा येतो. म्हणून सप्टेंबर ते मार्च, साधारण दर दोन महिन्यांनी डोस. नाही दिला तर वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात. गडद रंगाच्यांना कमतरता लवकर जाणवते. हिवाळ्यात विटामिन डी घ्या, असं इथे सरकार माणसांनाही सांगतं, त्यामुळे सगळ्यांच्या तारखा मी एकाच कॅलेंडरवर मांडल्यात आणि गडद रंगात स्वतःलाही धरलंय.

डोस देताना पाठीवर हात फिरवायचाच. लोकरीमुळे मरायला टेकलेली अल्पाकाही गुबगुबीत दिसते. कणा बोटांना धारदार लागला की समजावं, जंत नाहीतर दात. लेंड्या तपासून घ्यायला मात्र हिंडावं लागत नाही. सगळा कळप एकाच ढिगावर जातो, तेही रांग लावून. हागणदारीमुक्त गावाचा फलक लावावा अशी शिस्त.

वसंतात प्रदर्शन. या प्राण्याला शोसाठी सजवायचं म्हणजे काहीच करायचं नाही, आणि मराठी हाताला हे फार जड जातं. आंघोळ नाही, विंचरणं नाही. हुआकाया जातीच्या लोकरीला बारीक नागमोड असते, ती ब्रश लागला की मोडते. परीक्षक खांद्यावर, कुशीत आणि मागच्या फऱ्याजवळ लोकर दोन्ही हातांनी उघडून नेमकी तीच बघतो. आपण फक्त वरच्या काड्या बोटांनी वेचायच्या. वेचून मागे वळलो की ती धुळीत लोळते.

सगळ्यात जास्त चुका मोरखीत होतात. अल्पाकाच्या नाकाचं हाड आखूड, पुढे नुसती कूर्चा, आणि श्वास मुख्यतः नाकानेच. मोरखी सैल असेल तर पट्टा घसरून कूर्चेवर येतो, श्वास कोंडतो, आणि जनावर भर रिंगणात अंग टाकून देतं. बघणारे म्हणतात, हट्टी आहे. हट्टी नाही हो, गुदमरलंय. नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या जरा खाली, हाडावरच बसला पाहिजे. मग रोज दहा मिनिटं चालवायचं, एकटं नाही, जोडीने. एकटी अल्पाका चालत नाही, चरत नाही, नुसती ‘हूं हूं’ करत आईला शोधते.

रिंगणात परीक्षक दात बघतो. वर पुढचे दात नसतातच, नुसती कडक हिरडी; खालचे दात तिला बरोबर टेकले पाहिजेत. नर असेल तर शेपटीखाली दोन्ही गोट्या हाताने चाचपून मोजतो. आपण दोरी धरून समोर बघत राहायचं, जणू कुणी काही मोजतच नाहीये. तेवढ्यात रांगेतली तिसरी दुसरीवर थुंकते, दुसरी चौथीवर, आणि न धुता, न विंचरता जपलेल्या लोकरीवर हिरवी नक्षी उमटते.

मे-जूनमध्ये कातरणी. पाय दोरांनी पुढे-मागे ताणून चटईवर आडवी करायची, थुंकी अडवायला तोंडावर मोजा. होय, पायातला. वर्षभर मी जोडीदार हरवलेले मोजे याचसाठी साठवतो. सहा-आठ मिनिटांत लोकर उतरते, सगळी मिळून दोन-चार किलो. त्यातली पाठ-कुशीची चांगली, मान-पायांची जाडीभरडी वेगळ्या पिशवीत. इथून जवळच सॉल्टेअर आहे. टायटस सॉल्ट यांनी याच लोकरीवर पैसा कमावून तिथे १८५३ मध्ये गिरणी उघडली आणि भोवती अख्खं गाव वसवलं. माझ्या लोकरीवर अजून गेटची बिजागरीही बसलेली नाही.

आणि मग बाळंतपण. एवढ्या एका बाबतीत अल्पाका सभ्य. व्यायची ती सकाळी किंवा फार तर दुपारी, कारण अँडीजच्या गोठवणाऱ्या रात्रीआधी पिल्लू सुकायला हवं. रात्री कळा सुरू झाल्या तर ते सभ्यपणाचं नव्हे, व्हेटला फोन लावायचं लक्षण. पिल्लाला इथे ‘क्रिया’ म्हणतात. हा शब्द मी गावी फोनवर एकदाच वापरला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

आई पिल्लाला चाटत नाही. नुसतं हुंगते, गुणगुणते आणि पावसाकडे बघते. टॉवेल आपला. नाळेला आयोडीन, वार सहा तासांत पडली का ते बघायचं, चीक पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे, कारण दिवसभरानंतर त्यातली प्रतिकारशक्ती आतडी घेतच नाहीत. वजनासाठी पिल्लू बाजारच्या पिशवीत घालून काट्याला लटकवायचं: सहा ते आठ किलो, चार पाय आणि एक आश्चर्यचकित मान पिशवीबाहेर. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं, नंतर रोज शे-दोनशे ग्रॅम चढलं पाहिजे. नर पिल्लाचे मात्र लाड नकोत, कितीही गोड दिसला तरी. बाटलीवर, मांडीवर वाढलेला नर मोठा झाला की माणसाला दुसरा नर समजतो आणि सत्तर किलोनिशी छातीवर येतो.

पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आई पुन्हा लावायला तयार. जुना रेनकोट खुंटीवरून काढलाय. गेल्या वर्षीचा डाग कॉलरवर अजून आहे, वासही. आज सातवा दिवस.